ओपीडीतली दुसरी खुर्ची

पत्र थोडं कापून देते आहे. गाव आणि नाव अर्थातच काढलं आहे.

‘डॉक्टर मॅडम, माझं वय २७, लग्नाला साडेतीन वर्षं झाली. आम्ही हातकणंगले तालुक्यात राहतो. हे शिरोलीला फौंड्रीत भट्टीवर कामाला आहेत, वय ३२. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच सासूबाईंनी मला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. पाळी चाळीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येते. तेव्हापासून गोळ्या, इंजेक्शनं, अंडं किती वाढलं ते बघायला महिन्याला चार-चार सोनोग्राफ्या. गेल्या वर्षी दुर्बीण घालून नळ्या तपासल्या, त्या उघड्या आहेत. यंदा डॉक्टर बदलले, त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, “मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?” तो आजवर कुणी मागितलाच नव्हता. हे दोन महिने टाळत राहिले. “माझ्यात काय कमी आहे?” म्हणाले. शेवटी काढला. वीर्य अडीच मिली, शुक्रजंतू मिलीला ९० लाख, हलणारे २२ टक्के. डावीकडे व्हेरिकोसील आहे म्हणतात. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. दुसरे म्हणतात वेळ घालवू नका, थेट टेस्ट ट्यूब करा, पावणेदोन लाख. ह्यांनी घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि मोबाइलवरची जाहिरात बघून सहा हजारांचं चूर्ण मागवलंय. सासूबाई अजून मलाच नवस बोलायला लावतात. दोष नेमका कुणाचा? ऑपरेशन की टेस्ट ट्यूब? आणि मला दिलेली लेट्रोझोल गोळी कॅन्सरची आहे असं नेटवर वाचलं, ते खरं का? मला “तू” म्हटलंत तरी चालेल.

ता. क. माझ्या जाऊबाईंना अंगावरून पांढरं जातं म्हणून गर्भपिशवी काढायला सांगितलंय. त्या ३४ वर्षांच्या आहेत. पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय.’

तुझं पत्र वाचताना मी दुर्बिणीपाशी अडकले. तुला भूल दिली, पोटाला भोकं पाडली, दुर्बीण आत घातली, आणि तोवर तुझ्या नवऱ्याला एका प्लास्टिकच्या डबीत नमुना देण्यापुरतंसुद्धा कुणी बोलावलं नव्हतं. ती तपासणी काही शे रुपयांत होते. सुई टोचावी लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही. मूल राहत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीने. हे माझ्या पिढीच्या डॉक्टरांना कॉलेजातच शिकवलेलं आहे. तरी दवाखान्यात पहिली फाइल बाईच्याच नावाची निघते, कारण दारातून आत बाई येते. सोबत सासू असते आणि नवरा खाली गाडीपाशी मोबाइल बघत उभा असतो. मी बरीच वर्षं टेबलासमोर दोन खुर्च्या ठेवते. दुसऱ्या खुर्चीवर नेहमी पर्स असायची. आता मी सरळ सांगते, पर्स मांडीवर घे आणि त्यांना वर बोलाव, मग बोलू.

‘दोष’ हा शब्द मी या सदरात वापरत नाही. तुझं अंडं वेळेवर सुटत नाही, त्यांचे शुक्रजंतू कमी आहेत आणि संथ आहेत. ही दोन शरीरांची दोन कारणं आहेत, दोन्हींना उपाय आहेत, आणि दोन्ही उपाय बरोबरीने चालायला हवेत. एकटीचे चालले म्हणूनच ही वर्षं गेली.

आता त्यांचा रिपोर्ट. ९० लाख हा आकडा ऐकायला कमी वाटत नाही ना? म्हणून माप सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढलेल्या ताज्या मापदंडात खालची रेघ मिलीला १ कोटी ६० लाख अशी आहे, आणि हलणारे एकूण ४२ टक्के. ही रेघ म्हणजे पास-नापास नव्हे. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे आकडे ओळीने मांडले तर शंभरातले शेवटचे पाच या रेघेखाली येतात, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे रेघेखाली असूनही बाप झालेली माणसं आहेत. तुझ्या मिस्टरांचा हिशेब असा: अडीच मिली गुणिले ९० लाख म्हणजे सव्वादोन कोटी, त्यातले हलणारे २२ टक्के म्हणजे जवळपास ५० लाख. शून्य नाही, बरं का. पण दर महिन्याला आपसूक दिवस राहावेत असा भरवसा देणारा आकडाही नाही, आणि त्यात तुझ्या पाळीचा घोळ आहेच.

एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे नळीतून प्रवास करून बाहेर यायला आणखी काही दिवस. म्हणजे आज जो नमुना दिला तो तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचा. तेव्हा टायफॉईड, डेंग्यू असा सणसणीत ताप येऊन गेला असेल तर आकडा पडतो आणि नंतर आपोआप वरही येतो. तेव्हा तपासणी परत करा. दोन ते सात दिवसांचं अंतर हवं, त्याहून कमीही नको आणि जास्तही नको. ‘पंधरा दिवस साठवलं की जास्त निघेल’ हा गैरसमज आहे, साठवलेले मेलेले निघतात. शक्यतो लॅबमध्येच नमुना द्यावा. जमत नसेल आणि घरी काढला तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचवावा, तोही शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवून. गाडीच्या डिकीत तापत नको. साबण नको, साधा निरोध नको. आणि सुरुवातीचे थेंब डबीबाहेर सांडले तर ते लॅबवाल्याला सांगायचं, कारण सगळ्यात जास्त जंतू त्या पहिल्या भागात असतात. हे सांगायला पुरुष इतके लाजतात की खराब नमुन्यावर खराब रिपोर्ट लागतो आणि घरात महिनाभर सुतक असतं.

‘माझ्यात काय कमी आहे?’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. ते म्हणतात त्याचा अर्थ असा की आमचे संबंध व्यवस्थित होतात, वीर्य येतं, मग काय तपासायचं? त्यांना एवढंच सांग. पुरुष नसबंदी झालेल्या माणसाचं वीर्यही जवळजवळ तेवढंच येतं, तसंच दिसतं, पण त्यात शुक्रजंतू एकही नसतो. वीर्यातला फार थोडा भाग शुक्रजंतूंचा, बाकीचं पाणी वेगवेगळ्या ग्रंथींचं. तेव्हा मर्दानगी आणि शुक्रजंतूंचा आकडा यांचा एकमेकांशी संबंध नाही. ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोस्कोपलाच दिसते.

आणखी एक प्रश्न त्यांच्या मनात असेल, तो ते तुलाही विचारणार नाहीत. वयात येताना हस्तमैथुन केलं, त्याने हे झालं का? नाही. त्याने आकडा कमी होत नाही, धात जाऊन अंगातली ताकद जात नाही, काही नाही. र. धों. कर्व्यांनी अशाच प्रश्नांना आपल्या मासिकातून सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले होते. नव्वद वर्षं झाली. तोच प्रश्न आजही माझ्याकडे घडी घातलेल्या चिठ्ठीतून येतो.

आता व्हेरिकोसील. वृषणाकडून रक्त वर नेणाऱ्या शिरांचं एक जाळं असतं. त्या शिरांतल्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त मागे तुंबतं आणि शिरा फुगतात, पायातल्या निळ्या शिरा फुगतात तशाच. बहुतेकदा डावीकडे होतं, कारण डावी शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, तिथे रक्ताला चढ जास्त. उभं राहून, श्वास रोखून कुंथायला लावलं की डॉक्टरांच्या हाताला शेवयांचा गुंता लागल्यासारखं लागतं. काहींना संध्याकाळी तिथे ओढल्यासारखं दुखतं, पुष्कळांना काहीच होत नाही. शंभर पुरुषांत पंधराएक जणांना हे असतं आणि त्यातले बहुतेक बाप होतात. पण मूल न होणाऱ्या पुरुषांत पाहिलं तर शंभरात पस्तीस-चाळीस जणांना सापडतं. वृषण शरीराबाहेर पिशवीत लटकतात त्याला कारण आहे. शुक्रजंतू तयार व्हायला अंगापेक्षा दोन-चार अंश कमी उष्णता लागते. तुंबलेलं रक्त ती वाढवतं.

इथे मला तुझ्या पत्रातली भट्टी महत्त्वाची वाटते. वितळलेल्या लोखंडासमोर आठ-आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला बाहेरूनही तेच होतं आहे. नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही, घराचे हप्ते मी भरत नाही. पण सुपरवायझरला सांगून काही महिने मोल्डिंगला, फेटलिंगला किंवा स्टोअरला बदली मिळते का ते बघा. कारण सांगायला लाज वाटत असेल तर ‘डॉक्टरांनी उष्णतेपासून लांब राहायला सांगितलंय’ एवढं पुरतं. जाड जीन्सच्या आत घट्ट चड्डी घालून भट्टीवर जात असतील तर ते बदला. अंघोळीला कढत पाणी नको. आणि मावा. तुमच्या भागातून आलेल्या शंभर माणसांपैकी किती जण मावा खात नाहीत हे मी बोटांवर मोजते. तू लिहिलेलं नाहीस, पण ते खात असतील तर तंबाखूने शुक्रजंतूंची संख्या आणि चाल दोन्ही बिघडतात, बिडी-सिगारेट असो की मळलेली. तीन महिने बंद करून मग दुसरा रिपोर्ट काढलात तर फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

ऑपरेशन करावं का? नियम सोपा आहे: शिरा हाताला लागत असतील आणि रिपोर्टही बिघडलेला असेल तर ऑपरेशनाला अर्थ आहे. नुसत्या सोनोग्राफीत दिसतात, हाताला लागत नाहीत, तर त्या ऑपरेशनाने फारसं काही साधत नाही. तुझ्या पत्रावरून मला हे कळत नाही की त्यांना उभं करून कुणी हाताने तपासलं का. फक्त सोनोग्राफीचा कागद वाचला असेल तर मूत्रविकारतज्ज्ञांकडे, म्हणजे युरोलॉजिस्टकडे जा. ते वृषणांचा आकार बघतील. लहानपणी गोटी, म्हणजे वृषण, वर राहिली होती का, हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का, वयात आल्यावर गालगुंड झाले होते का, टीबी होऊन गेला का, हे विचारतील. आकडा एक कोटीच्या खाली असल्यामुळे रक्तातले हार्मोनही तपासायला सांगतील. ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली, जांघेत लहानशा चिरेतून झालं तर पाणी साठण्याचा किंवा शिरा परत फुगण्याचा त्रास कमी होतो. तेव्हा ‘मायक्रोस्कोपने करता का?’ हे विचारायला संकोचू नका. त्यानंतर तीन-चार आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे भट्टीवरून रजा काढावीच लागेल. रिपोर्ट सुधारायला तीन ते सहा महिने लागतात, कारण तेच, ७४ दिवसांचं गणित. दहातल्या सहा-सात जणांचा रिपोर्ट सुधारतो. सगळ्यांचा सुधारत नाही, आणि रिपोर्ट सुधारलेल्या प्रत्येकाच्या घरी पाळणा हलतोच असंही नाही. हे आधी ऐकून घेतलेलं बरं.

तुझं वय २७ आहे, इथे सगळं त्यावर फिरतं. तू ३७ ची असतीस तर मी ऑपरेशनाची वाट बघू नका म्हटलं असतं. तुझ्या हातात सहा-आठ महिने आहेत. त्या काळात त्यांचं ऑपरेशन, भट्टीपासून अंतर आणि तंबाखू बंद, आणि तुझं अंडं वेळेवर सुटायचा उपचार, असं दोन्ही बाजूंनी चालू दे. मग परत रिपोर्ट. हलणारे शुक्रजंतू कोटीच्या आसपास गेले तर आययूआय, म्हणजे धुऊन निवडलेले शुक्रजंतू गर्भपिशवीत सोडणं, हा स्वस्तातला मधला रस्ता उघडतो. घरीच दिवस राहिले तर त्याहून छान. नाहीच सुधारलं तर टेस्ट ट्यूब आहे, ती कुठे पळून जात नाही. त्यात एकेका अंड्यात एकेक शुक्रजंतू सुईने सोडतात, म्हणून ५० लाखही खूप झाले.

टेस्ट ट्यूबच्या विरोधात मी नाही, गैरसमज नको. १९८६ मध्ये मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं तेव्हा मी मिरजेला शिकत होते, होस्टेलवर आम्ही मुलींनी एकच वर्तमानपत्र फाटेस्तोवर वाचलं होतं. पण नवऱ्याचा एक रिपोर्ट बघून, त्याला न तपासता, पहिल्याच भेटीत पावणेदोन लाखांचा आकडा सांगणाऱ्याकडे मी माझ्या भाचीला पाठवलं नसतं. पुढे कधी जायचं ठरलंच, तर २०२१ च्या कायद्यानुसार सेंटरची नोंदणी असावी लागते, तो नंबर बघा. पावणेदोन लाखांत इंजेक्शनं धरलीत का, गर्भ गोठवून ठेवायचे पैसे वेगळे का, पहिल्या खेपेला नाही राहिलं तर पुढे किती, हे लिहून मागा. इंजेक्शनांचं बिल वेगळं निघतं आणि तिथेच माणसं कर्जात जातात.

चूर्ण बंद. सहा हजार गेले ते गेले. त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ‘ताकदीच्या’ अशा औषधांत गुपचूप मिसळलेली ॲलोपॅथीची उत्तेजक गोळी, शिसं, पारा असलं काय काय तपासण्यांत सापडलेलं आहे. लैंगिक शक्ती वाढवायच्या औषधांची जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी एसटी स्टँडच्या मुतारीपासून मोबाइलपर्यंत त्या आहेतच. आणि एक गंभीर गोष्ट. तालमीत, जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं, किंवा एखाद्या डॉक्टरने ‘पुरुषी हार्मोन देऊ’ म्हटलं, तर मूल हवं असलेल्या माणसाने ते मुळीच घ्यायचं नाही. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणाला पाठवायचे संदेश थांबवतो आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. दंड पिळदार, रिपोर्ट कोरा, अशी पोरं दर वर्षी बघते मी.

आता तुझ्याकडे वळते. पीसीओडीत सोनोग्राफीला ओव्हरीच्या, म्हणजे अंडाशयाच्या, कडेने मण्यांच्या माळेसारखं दिसतं त्याला लोक ‘गाठी’ म्हणतात. त्या गाठी नव्हेत. ती अर्धवट वाढून थांबलेली छोटी छोटी बीजं आहेत. कापून काढायच्या नसतात, ‘विरघळवायच्या’ही नसतात. १९३५ मध्ये शिकागोच्या दोन डॉक्टरांनी हा आजार मांडला आणि तेव्हापासून नावाने घोळ घातला आहे. खरा घोळ हार्मोन आणि इन्सुलिनचा आहे. म्हणून वजन जास्त असेल तर त्यातलं पाच टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. ७० किलो असशील तर साडेतीन किलो. झिरो फिगर कुणी मागितलेली नाही. सडपातळ असशील तर हा परिच्छेद सोडून दे, पीसीओडी बारीक मुलींनाही होतं आणि त्यांना उगाच उपाशी ठेवतात. थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि साखर तपासलेली नसेल तर तपासून घे. आणि औषध नसताना तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून बसायचं नाही, पिशवीचं अस्तर आत जाड होत राहतं.

लेट्रोझोलबद्दल तू वाचलंस ते अर्धं खरं आहे. ती स्तनाच्या कॅन्सरवर वापरतात. तीच गोळी पाच दिवस घेतली की अंडं वाढायला मदत होते. त्या पाच दिवसांत तुला कॅन्सरचा उपचार दिला असं होत नाही, जसं ॲस्पिरिन डोकेदुखीलाही देतात आणि हार्ट अटॅकलाही. आपल्या सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठवली. नेटवर बंदीच्या काळातले लेख अजून फिरतात, तुला त्यातलाच एखादा सापडला असणार. अमेरिकेत ७५० बायकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात पीसीओडीला जुन्या क्लोमिफेन गोळीपेक्षा लेट्रोझोलने जास्त बाळं जन्मली, शंभरात साधारण १९ विरुद्ध २७. आज तीच पहिली गोळी मानतात. तुझ्या जुन्या फाइलमध्ये मात्र बघ, अंडं फुटल्याची नोंद किती महिन्यांत आहे? ते जर दर महिन्याला फुटत होतं तर तुझा उपचार लागू पडत होता, आणि तरीही दिवस राहिले नाहीत याचं उत्तर त्या प्लास्टिकच्या डबीत होतं. फॉलिक ॲसिडची गोळी रोज चालू ठेव, ती आधीपासून लागते.

आणि ते ‘आज बाराव्या दिवशी या, उद्या चौदाव्या दिवशी संबंध ठेवा’ हे काही महिने बाजूला ठेवा. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जगतात, अंडं जेमतेम एक दिवस. दोन-तीन दिवसाआड जवळ आलात की कॅलेंडर लागत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला तारीख दाखवली की त्याला जमत नाही, मग त्याला वाटतं हाही आजार लागला.

सासूबाईंना काय सांगायचं? तू काहीच सांगायचं नाहीस. रिपोर्ट मिस्टरांचा आहे, तो सांगायचा की नाही हे तेच ठरवतील, तू तो भांडणात बाहेर काढू नकोस. पण तुझ्यावरचा बोल थांबवणं हे त्यांचं काम आहे आणि ते तू त्यांच्याकडून करून घे. आकडे सांगायची गरज नाही. ‘आई, आमच्या दोघांचीही औषधं चालू आहेत, तिला एकटीला काही बोलू नका,’ एवढं एक वाक्य जेवताना त्यांच्या तोंडून यायला हवं. तुझ्या तोंडून आलं तर ते उलट उत्तर होतं. नवस बोलायचा असेल तर जोतिबाला दोघांनी मिळून जा, पायऱ्या चढल्याने दोघांचंही भलंच होईल.

जाऊबाईंचं तुझ्याहून घाईचं आहे. अंगावरून पांढरं जाणं हे गर्भपिशवी काढायचं कारण नाही. महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं, बिनवासाचं पाणी जाणं हे तर आरोग्याचं लक्षण. फुटलेल्या दह्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी, मासळीसारखा वास असेल तर जंतूंचा तोल बिघडलेला, पिवळं-हिरवं फेसाळ असेल तर दुसरा संसर्ग, ज्याला नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात, नाहीतर तो परत परत येतो आणि मग ‘औषधाने बरं होत नाही, काढून टाका’ म्हणतात. हे सगळं काही दिवसांच्या औषधांत बरं होणारं आहे. त्यांना टेबलावर झोपवून, आत उपकरण घालून पिशवीचं तोंड कुणी बघितलं का, पॅप टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, झाली का, हे आधी विचार. नुसत्या सोनोग्राफीवर ‘पिशवीला सूज’ लिहून तारीख दिली असेल तर थांबवा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या अशाच धडाधड काढल्याचं बाहेर आलं आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्याच बायका दर हंगामाला तुमच्या शिवारात कोयते घेऊन येतात, त्यांतल्या एखादीला विचार की तिशीत पिशवी गेल्यावर कंबर, हाडं आणि घामाच्या लाटा काय असतात ते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं.

पिशवी काढावी लागते अशीही दुखणी आहेत: औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, कॅन्सर. जाऊबाईंचं तसं काही असेल तर ते तपासणीत दिसेलच. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मिरजेच्या सिव्हिलला स्त्रीरोग विभागात एकदा दाखवून या, जुने कागद सगळे सोबत न्या, पाळी नसताना जा. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायला त्या दवाखान्यात एक फोन करायचा असतो. तो आजच करायला सांग.